पृथ्वीला रविवारची सुट्टी

मी, खाली सही करणारी, भूकंपमापन केंद्रातून निवृत्त झालेली शास्त्रज्ञ, वय सत्तरीच्या पुढे, व्यवसाय सध्या काही नाही आणि त्यात अतिशय व्यग्र, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझं नाव आणि पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवर आहेत. त्यावरचा चेहरा माझा नाही असं सगळे म्हणतात, पण नंबर माझाच आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. लिहू नये म्हणून मात्र माझ्या नवऱ्याने सकाळपासून दडपण आणलेलं आहे. ते मी जुमानलेलं नाही, याची नोंद व्हावी. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. असा दाखला माझ्या एकाही वरिष्ठाकडे नव्हता.

हे आत्ताच का लिहिते, तेही सांगते. या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काम यंत्राचे हात करणार आणि सर्जन दुसऱ्या टेबलाशी बसून ते हात चालवणार. मी सर्जनना विचारलं, "यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

"आज सकाळी."

"कोणी?"

"मी स्वतः."

मग मी होकार दिला. ज्याचं यंत्र तोच तपासतो, अशी माणसं मला नोकरीत फार थोडी भेटली.

माझा नवरा शाळेत व्यायाम शिकवायचा. सगळा परिसर त्याला मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. दवाखान्यातून येताना मास्तर बरोबर होते. घराचं फाटक उघडताना म्हणाले, "यंत्राच्या हातात काळीज द्यायचं म्हणजे..."

"तुमच्या हातात दिलं तेव्हा तरी कुठे चाचणी घेतली होती?"

त्यावर ते हसले, पण फाटकाची कडी लावायला विसरले. त्यांना भीती वाटली की ते कड्या विसरतात.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या लेकीने मात्र संगणकाकडून एक करवून घेतलं होतं. लेक संगणकाच्याच कामात आहे आणि तिचा संगणकावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. मजकूर सुरेख होता, एकही शब्द चुकला नव्हता, फक्त त्यात मला तीन मुलगे होते.

"आई, तो नुसता मसुदा आहे. आपण दुरुस्त करू."

"मुलगे राहू देत गं. एवढ्या वयात आयते मिळाले तर कोण सोडतं?"

तरी ते मृत्युपत्र रद्द समजावं. त्या तीन मुलांपैकी कोणी हक्क सांगायला आलाच, तर त्याला चहा द्यावा, बाकी काही देऊ नये.

कलम २. मी राहते ते घर माझ्या स्वकष्टार्जित पैशातून बांधलेलं असून त्यावर कोणताही बोजा नाही. माझ्या पश्चात या घरात हयातभर राहण्याचा, ते वापरण्याचा आणि त्यात हवा तितका पसारा करण्याचा संपूर्ण हक्क मास्तरांचा राहील. त्यांच्यानंतर घर लेकीचं. ते विकावं, भाड्याने द्यावं की पाडावं, हे तिने ठरवावं. माझी आठवण म्हणून गळकं छत सांभाळत बसू नये. एवढंच सांगते की घर पक्क्या खडकावर आहे. पाया खणण्याआधी मी उसनी यंत्रं आणून जमीन ठोकून पाहिली होती. गवंडी म्हणाला होता, "बाई, एवढं तर मुलगी देताना कोणी बघत नाही." नवीन घर घेताना लेकीने स्वयंपाकघराची फरशी नंतर बघावी, आधी जमीन बघावी.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्याचा अर्धा भाग मास्तरांना आणि अर्धा लेकीला. दागिने मी घालत नव्हते. आहेत ते नातीचे.

कलम ४. माझा मोबाइल लेकीकडे जाईल. संस्थेतल्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप त्यात आहे. त्यात रोज सकाळी फुलं येतात आणि आठवड्यातून एकदा तरी 'उद्या महाभूकंप, सर्वांना पाठवा' असा निरोप येतो. तो पाठवणारी माणसं माझ्या शेजारी बसून जन्मभर भूकंप मोजत होती. मी प्रत्येक वेळी 'हे खोटं आहे' असं उत्तर देत आले. माझ्या पश्चात हे काम लेकीने करावं. कंटाळू नये. खोटं बोलणारा कंटाळत नाही, मग आपण का कंटाळायचं?

मी नव्या यंत्रांच्या विरोधात आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. नातीचा चेहरा दुसऱ्या देशातून माझ्या भाजी चिरण्याच्या पाटावर येतो, याचं मला अजून रोज नवल वाटतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं आणि त्यांच्या आजोबांचं दात काढण्याचं यंत्र बघून यावं. बाईंनी ते मुद्दाम काचेच्या कपाटात ठेवलंय. ते पाहिलं की पेशंट तक्रार करत नाही.

कलम ५. बैठकीच्या खोलीत उभं असलेलं जुनं भूकंपमापक यंत्र, त्याचं फिरतं पिंप, लेखणी आणि कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्यांसह, मी मास्तरांच्या शाळेला देत आहे. हे यंत्र माझं कसं झालं आणि शाळेला का, हे सांगितल्याशिवाय कलम पुरं होणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नाही." मी म्हटलं, "कारण न लिहिता सह्या करण्यात माझी अख्खी नोकरी सरली. आता लिहू दे."

मी केंद्रात लागले तेव्हा आमचे संचालक परिपत्रकसाहेब होते. हे त्यांचं टोपणनाव. पंखा किती वेगाने लावावा, पाण्याचा पेला कुठे ठेवावा, यावरही ते परिपत्रक काढत. त्याच सुमारास हे यंत्र आलं. तेव्हा ते नवंकोरं आणि फार नाजूक होतं, मुंगी शिंकली तरी लेखणी हलेल असं. त्याच्यासाठी मधली शांत खोली ठरली होती. पण साहेबांना पाहुण्यांसाठी सोफा हवा होता आणि सोफा जुन्या केबिनमध्ये मावेना. म्हणून मधली खोली साहेबांना मिळाली आणि यंत्र गेलं मागच्या भिंतीलगतच्या खोलीत. मागे आमच्या जनरेटरची घरघर, त्यापलीकडे कुंपणाची भिंत. भिंतीवरून एका इमारतीची उंच खिडकी तेवढी दिसायची, पण पलीकडे काय आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिकडचं दार दुसऱ्या रस्त्याला उघडत होतं.

थोड्याच दिवसांत लेखणीने एक नवीनच नक्षी काढायला सुरुवात केली. रोज सकाळी, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे कंप. भूकंप असा शिस्तीत येत नाही. साहेबांना वाटलं, हा पृथ्वीच्या पोटातून येणारा, आजवर कोणी न टिपलेला संकेत आहे. बरीच वर्षं केंद्राच्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं. समिती नेमली. समितीने उपसमिती नेमली. मी एकटीच बाई, म्हणून चर्चेचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा फायदा असा झाला की सगळे कागद माझ्यासमोर असायचे.

तिसऱ्या बैठकीत मी लिहिता लिहिता मान वर केली. "साहेब, एक विचारू? रविवारी हे कंप येत नाहीत."

"मग?"

"पृथ्वीला रविवारची सुट्टी असते का?"

कोणी हसलं नाही. मी पुढे म्हटलं, "शनिवारी ते लवकर आटपतात. उन्हाळ्यात दीड महिना एकही नव्हता."

साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "बाई, ज्ञान नवं आहे. त्याला आपल्या जुन्या चौकटीत कोंबू नका. आणि हे वृत्तांतात घेऊ नका."

मी ते घेतलं. वृत्तांत कोणी वाचत नसे, त्यामुळे ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता, लेखणी हलायला लागली तशी उठले आणि केंद्राला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर गेले. तिथे एक शाळा होती. फाटकातून आत शिरले आणि तळपायांना ते कळलं. जमिनीची थरथर माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होती. व्यायामाच्या नव्या दालनात सगळी शाळा पांढऱ्या बुटांत उड्या मारत होती आणि समोर एक उंच, काटकुळा माणूस गळ्यात शिट्टी घालून त्यांच्यापेक्षा उंच उडत होता. दालनाची फरशी आणि आमच्या यंत्राचा चौथरा एकाच खडकावर बसलेले होते.

मी दारातच हसायला लागले. मला ते आवरेना. शिट्टी वाजली, शाळा थांबली.

"काय झालं?" ते माझ्याकडे येत म्हणाले.

"तुम्ही पृथ्वी हलवताय."

"मुख्याध्यापिकांची परवानगी आहे माझ्याकडे," ते घाईघाईने म्हणाले.

हे आमचं पहिलं बोलणं. पुढे लेकीने किती वेळा विचारलं, "तुमचं कसं जमलं गं?" दर वेळी हेच सांगितलं, आणि दर वेळी तिला वाटलं की आई टाळतेय.

मी त्यांना सगळं समजावलं आणि विचारलं, "उद्या माझ्यासाठी वेगळ्या उड्या माराल? तीन मारून थांबायचं, मग पाच, मग एकच."

"एकच उडी? सगळी शाळा मिळून?"

"हो."

"ती सगळ्यात अवघड," ते म्हणाले. "पण मारू."

लेखणीने तीन काढले, पाच काढले. मग बराच वेळ सरळ रेघ, आणि शेवटी एकच, ताठ, सुरेख टोक. जन्मभर मी मोठमोठे भूकंप कागदावर पाहिले. त्या एका टोकाइतका आनंद मला कशानेच झाला नाही. जे म्हटलं होतं ते तपासून खरं निघालं. विज्ञान म्हणजे यापेक्षा जास्त काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. सोफ्यावर बसून त्यांनी तो पाहिला. त्यांना कळलं, हे मला दिसलं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत."

समारंभाला मुख्य कार्यालयातून एक वयस्क शास्त्रज्ञ बाई पाहुण्या म्हणून आल्या. हारतुरे झाले आणि सगळे यंत्राच्या खोलीत दाटीने उभे राहिले. लेखणी हलत होती. साहेब पृथ्वीच्या पोटाविषयी बोलत होते. मी खिडकीपाशी होते. खिडकीतून शाळेच्या दालनाची उंच खिडकी दिसायची आणि तिच्यात, भिंतीवरच्या शिडीवर चढलेले मास्तर. आमचं ठरलेलं होतं, पण हात वर करीपर्यंत मला वाटत नव्हतं की माझ्याने होईल. नोकरी नवी होती, वडील घरी बसलेले होते, पाठीशी कोणी नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "पृथ्वीला जरा थांबायला सांगू का?"

मी खिडकीतून रुमाल हलवला. लेखणी थांबली.

साहेब म्हणाले, "योगायोग." मी पुन्हा रुमाल हलवला. लेखणी सुरू झाली.

पाहुण्या बाई पुढे आल्या, चष्मा वर करून त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. "आता जरा सावकाश करायला सांग."

मी रुमाल सावकाश हलवला. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "मला ही पृथ्वी बघायची आहे," त्या म्हणाल्या. मग सगळी वरात वळसा घालून शाळेत गेली. तिथे बाईंनी चपला काढल्या, पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शिट्टीवर एक उडी मारली.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाई गावी गेल्या आणि साहेबांनी परिपत्रक काढलं. यंत्र महत्त्वाचं आहे, सबब शाळेने कामाच्या वेळेत उड्या मारू नयेत. मुख्याध्यापिका घाबरल्या. दालनाला कुलूप लागलं. पोरं वर्गात बाकावर बसून हात वर, हात खाली करू लागली. हे कायमचं करण्यासाठी तांत्रिक अहवाल हवा होता आणि त्यावर सही लागत होती माझी.

"दोन ओळींचं काम आहे," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात बढतीची यादी निघते, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

मी रात्री झोपले, सकाळी उठले आणि अहवाल लिहिला. 'शाळा जड आहे व यंत्र हलके आहे. दोहोंपैकी एक हलवणे आवश्यक असल्यास हलकी वस्तू हलवावी, अशी शिफारस करण्यात येत आहे.' एक प्रत साहेबांना दिली, एक पाहुण्या बाईंना पाठवली.

यादीत माझं नाव नव्हतं. माझी बदली झाली तळघरातल्या भांडारात. तिथे रसायनांच्या रिकाम्या बाटल्या रांगेने मांडलेले लाकडी घोडे होते आणि एक खुर्ची होती. बाटल्या मोजायच्या, एवढंच काम.

एके संध्याकाळी बाहेर पडले तर फाटकाशी मास्तर उभे होते. शिट्टी नव्हती, त्यामुळे आधी ओळखलंच नाही.

"तुमची बढती गेली म्हणे."

"तुमच्या उड्या गेल्या."

"म्हणजे सध्या दोघांनाही वेळ आहे," ते म्हणाले. आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशीही प्यायलो. नंतर बेकरीवाला न विचारता दोन कप ठेवू लागला.

मुख्य कार्यालयाचा निर्णय यायला तिथल्या रीतीप्रमाणे वेळ लागला. मला त्याचा कागद कोणी दाखवला नाही. मी तळघरात बसले होते. अचानक घोड्यावरची एक बाटली शेजारच्या बाटलीला लागून किणकिणली. मग दुसरी, मग सगळी ओळ. थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सगळं तळघर वाजत होतं. मी खुर्चीवरून उठले आणि एकटीच, त्या बाटल्यांच्या मधोमध, त्यांच्याबरोबर उड्या मारू लागले. दालन उघडलं होतं.

यंत्र टेकडीवर हलवलं. मला वर घेतलं. मास्तरांनी मला विचारलं, मी हो म्हटलं आणि आमचं लग्न झालं. पुढे यंत्र जुनं झालं, केंद्राने ते मोडीत काढलं आणि मी ते भंगाराच्या भावात घरी आणलं. आता शाळेने ते त्याच दालनात ठेवावं आणि पोरांना त्यावर मनसोक्त उड्या नोंदवू द्याव्यात. 'हात लावू नये' अशी पाटी लावल्यास हे बक्षीस रद्द होऊन यंत्र बेकरीवाल्याकडे जाईल.

कलम ६. परिपत्रकसाहेबांशी असलेलं माझं वैर मी कोणाच्याही नावे करीत नाही, कारण ते आता शिल्लक नाही. त्यांची मुदत वाढवलेली होती तेव्हाची गोष्ट. केंद्रात बोट टेकवून हजेरी घेणारं यंत्र आलं. तारा आणि रसायनं हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र मला ओळखेना. मी रोज येत होते आणि रोज गैरहजर लागत होते. मी हजर आहे याचा पुरावा म्हणून मी कार्यालयात हजर झाले, तो ग्राह्य धरला नाही. मग एका सकाळी बघते तर साहेब त्या यंत्रापुढे उभे. बोट पुसतायत, फुंकर मारतायत, पुन्हा टेकवतायत. यंत्र म्हणतंय, 'आपली ओळख पटली नाही.' ते बसवण्याचं परिपत्रक त्यांचंच होतं.

मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, या. गैरहजर मंडळींची रांग इथून आहे."

त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच, मोठ्याने हसले. त्या दिवशी आम्ही दोघे गैरहजर माणसं त्यांच्या त्या सोफ्यावर बसून चहा प्यायलो. सोफा खरोखर चांगला होता, हे इथे मान्य करते. साहेब आता थकलेत. मास्तर दर गुरुवारी त्यांना फिरायला नेतात. माझं वाचायचं जाड भिंग त्यांना द्यावं. अलीकडे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि बारीक अक्षराशिवाय त्यांना करमणार नाही.

कलम ७. माझे बारीक पेचकस, चिमटे आणि पितळी तराजू नातीला. ती विज्ञान शिकतेय. मला परवा म्हणाली, "आजी, भूकंप कधी येणार ते तुला खरंच सांगता येत नाही? एवढी वर्षं काय केलंस मग?"

"किती मोठा आला ते सांगितलं, कुठे आला ते सांगितलं. कधी येणार ते ठाऊक नाही असं सांगितलं."

"हे सांगायला पगार?"

"हे सांगायलाच पगार, बाळा. बाकीचं यंत्र सांगतं."

ती ज्या संस्थेत जाईल तिथे 'ठाऊक नाही' हे लिहायला तक्त्यात जागा नसेल. तिने समासात लिहावं. कोणी खोडलं तर पुन्हा लिहावं.

कलम ८. माझे डोळे आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावेत. तिथल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितलं की देणाऱ्याने देहासोबत मूळ ओळखपत्र आणावं. मी म्हटलं, "प्रयत्न करीन." त्यांनी ते लिहून घेतलं. नव्या झडपेसकट देह द्यावा. पोरांना आत काय बसवलंय ते बघायला मिळेल, आणि ती कशी चालली तेही त्यांनी सर्जनना कळवावं.

केंद्राने शोकसभा घेतल्यास ती उभ्याने घ्यावी, म्हणजे लवकर संपेल.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्या मघापासून माझ्यासमोर बसल्या आहेत आणि त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं आहे. त्यांचं म्हणणं, एक कलम राहिलं. ज्याला मालमत्ता द्यायची तो माणूस माझ्याआधीच गेला तर काय, हे प्रत्येक मृत्युपत्रात असावं लागतं.

"लिहा," वकीलबाई म्हणाल्या, "'माझे पती माझ्यापूर्वी मयत झाल्यास...'"

मी लिहीना. पेन टेकवलेलं होतं, शाई पसरत होती. वकीलबाई थांबल्या. स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला आणि ओल्या हातांनी मास्तर दारात आले. सकाळपासून या खोलीत पाऊल न टाकलेला माणूस.

"काय अडलं?"

वकीलबाईंनी सांगितलं.

"मग लिही की," ते म्हणाले. "खरंच, मी आधी गेलो तर?"

"तर हे सगळं मला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल," मी म्हटलं. "आठ कलमं! हात दुखले माझे. तुम्ही असलं काही करायचं नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. "नाही करत."

त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. "पण मग तूही शुक्रवारी काही करायचं नाहीस. तसं लिहून दे."

वकीलबाई म्हणाल्या, हे कायद्यात बसत नाही. मी लिहून दिलं आहे. खालील ओळ या मृत्युपत्राचा भाग समजावी:

मी परत येते.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि ते माझं म्हणणं आहे अशी खात्री झाल्यावर दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

स्थळ: राहतं घर, जेवणाची खोली
दिनांक: ओळखपत्राच्या प्रतीवर शिक्क्यात आहे तोच, वार सोमवार, दुपार

(सही)
लिहून ठेवणार

साक्षीदार:

१. समोरच्या घरातली दातांची डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना मास्तरांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या जोरात हसल्या, त्यामुळे सहीचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं आहे. ती सही त्यांचीच आहे.
(सही)

२. कोपऱ्यावरचा बेकरीवाला. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं ते बरोबर आहे. काय सांगितलं ते मीही ऐकलं. ते मी लिहिणार नाही.
(सही)